मेजाखालची जागा



आज सामान्य काळातील विसावा रविवार. संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील कनानी स्त्रीची गोष्ट आपण आजच्या मिस्सेत ऐकणार आहोत. हे वाचन दर तीन वर्षांनी येते आणि दर वेळी प्रवचनाची तयारी करताना आमची जरा अडचण होते. लेकीसाठी रडत आलेल्या एका परक्या बाईला प्रभू येशू सांगतो की मुलांच्या तोंडची भाकर काढून कुत्र्यांना घालणे बरे नव्हे. त्या बाईचा विश्वास पाहायचा होता, शिष्यांना धडा द्यायचा होता, असे आम्ही तुम्हाला दर वेळी समजावून सांगतो. ते खरेही आहे. पण त्या वाक्यातल्या कुत्र्यांकडे मात्र आम्ही आजवर कधी नीट पाहिले नव्हते. या वर्षी पाहावे लागले, कारण आपल्याच चर्चच्या ओट्यावर एक कुत्री व्याली.

ही हकिकत पुष्कळांना ठाऊक आहे, पण तिच्यात आमचा वाटा किती होता हे सर्वांना ठाऊक नाही. म्हणून आज तो सांगून टाकतो. उन्हाळ्यात चार पिल्ले घेऊन ती कुत्री ओट्याच्या कोपऱ्यात राहिली होती. पिल्लांच्या काळजीने ती येणाऱ्या-जाणाऱ्यांवर गुरगुरायची. धर्मशिक्षणाच्या वर्गाला येणारी लहान मुले घाबरू लागली, दोन पालकांनी तक्रार केली. आम्ही तरुण मंडळातल्या दोन मुलांना बोलावले आणि म्हणालो, "लांब कुठेतरी सोडून या." मुले आज्ञाधारक. त्यांनी पोते आणले, कोणाचा तरी छोटा हत्ती मिळवला आणि दिघंचीच्या पुढे माळावर सगळ्यांना सोडून आली. पाचव्या दिवशी सकाळच्या मिस्सेला दार उघडले तर कुत्री ओट्यावर. पायाला जखम, अंगाची काडी झालेली. पिल्ले बरोबर नव्हती. त्यांचे काय झाले ते आम्हाला आजतागायत कळलेले नाही. त्या सकाळी मिस्सेत क्षमायाचनेच्या वेळी आम्ही नेहमीपेक्षा थोडे जास्त थांबलो, हे एक-दोघांच्या लक्षात आले असेल.

पोत्यात घालून कुत्री-मांजरे सोडून येणे ही आपल्या भागात काही नवलाची गोष्ट नाही. नदीपलीकडे, घाटाखाली, बाजारगावाच्या वेशीबाहेर नेऊन सोडायचे आणि मागे न बघता परत यायचे. आपल्या हातून मेले नाही एवढे समाधान. जनावराला इथून तिथे पोहोचवण्याचा आपल्याला माहीत असलेला प्रकार हाच.

दुसरा प्रकार आपल्या धर्मग्रामातल्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीने आम्हाला दाखवला. परत आलेल्या कुत्रीच्या पायाला हळद लावता लावता ती म्हणाली, "फादर, अमेरिकेत बाया विमानाने कुत्री पोहोचवतात, तुम्हाला माहिती आहे का?" आम्हाला माहिती नव्हते. तिने मोबाइलवर फोटो दाखवले. चार सीटचे छोटे विमान, कानांवर मोठे हेडफोन लावलेली एक मध्यमवयीन बाई आणि मागच्या सीटवर, वैमानिकाच्या खांद्याला नाक लावून बसलेले एक तपकिरी कुत्रे.

मग आम्ही थोडी माहिती काढली. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत बेवारस कुत्र्यांची निवारागृहे भरून वाहतात. तिकडे निर्बीजीकरण कमी होते, त्यामुळे पिल्ले फार. घेणारा वेळेत मिळाला नाही तर जागेअभावी धडधाकट कुत्र्यालाही इंजेक्शन देऊन मारतात. उत्तरेकडील राज्यांत मात्र कुत्रे हवे असलेली घरे पुष्कळ आणि कुत्री कमी. मधे हजार-दीड हजार किलोमीटरचे अंतर. 2008 साली दक्षिण कॅरोलायनातल्या डेबी बोइज या बाईंना फ्लोरिडातले एक छळ झालेले कुत्रे दत्तक घ्यायचे होते. ते आणायचे कसे, असा प्रश्न पडला. जॉन वेरेनबर्ग नावाच्या ओळखीच्या हौशी वैमानिकाने आपल्या विमानातून ते आणून दिले, आणि मग दोघांनी मिळून 'पायलट्स एन पॉज' ही संस्था काढली. आज तिकडे अशा आणखी संस्था आहेत. वैमानिक आपले विमान, आपला वेळ आणि आपल्या खिशातले पेट्रोल देतात. त्यांच्यात स्त्रिया आहेत. कोणी निवृत्त, कोणी नोकरी करणाऱ्या, कोणी शनिवार-रविवारी उडणाऱ्या. 1929 साली नव्व्याण्णव स्त्री-वैमानिकांनी स्थापन केलेली आणि त्या आकड्यावरूनच 'नाइंटी-नाइन्स' नाव पडलेली एक जुनी संघटना आहे. अमेलिया इअरहार्ट तिची पहिली अध्यक्ष होती. त्या संघटनेच्या काही सदस्यही हे काम करतात.

या कामाची रीत मुद्दाम सांगतो, कारण आम्हाला खरे अप्रूप तिचे वाटले. छोटे विमान काही सगळा पल्ला एका दमात गाठत नाही. म्हणून प्रवासाचे टप्पे करतात. एक वैमानिक बाई सकाळी निघते, दोन-अडीच तासांवरच्या एखाद्या लहान धावपट्टीवर उतरते. तिथे दुसरी वाट पाहत असते. या विमानातून त्या विमानात कुत्रे जाते, त्याच्याबरोबर लसीचे कागद आणि गळ्यातला पट्टा. पहिली परत फिरते. पुढे तिसरी. शेवटी ज्या घरी ते कुत्रे जाते ते घर पहिल्या बाईने पाहिलेले नसते, पुढेही बहुधा पाहत नाही. कुत्र्याचे नाव बदललेले असते. ते तिला ओळखणारही नाही. इंजिनाची घरघर सुरू झाली की बहुतेक कुत्री झोपून जातात असे त्या सांगतात; म्हणजे प्रवासात सोबत झाली म्हणावे तर तीही झोपेतच.

आपल्याकडे असे का होत नाही, याचे एक साधे कारण आहे. स्वतःचे छोटे विमान बाळगणारी माणसे आपल्या देशात हाताच्या बोटांवर मोजावी इतकी. सांगलीजवळच्या कवलापूरच्या विमानतळाची चर्चा आपण वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. वैमानिक स्त्रिया मात्र आपल्याकडे कमी नाहीत. जगात वैमानिकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण शंभरात पाचच्या आसपास असताना भारतात ते त्याच्या दुपटीहून अधिक आहे. 1985 साली कोलकाता ते सिल्चर हे फोकर जातीचे विमान पूर्णपणे स्त्रियांनी नेले, तेव्हा त्याच्या कप्तान सौदामिनी देशमुख होत्या. मुंबईच्या आरोही पंडितने 2019 च्या मे महिन्यात एका इवल्याशा विमानातून एकटीने अटलांटिक महासागर ओलांडला. मार्च 2020 मध्ये इटलीत कोरोनाचा कहर चालू असताना रोमला अडकलेल्या 263 भारतीयांना घेऊन आलेल्या विमानाच्या कप्तान स्वाती रावल होत्या. घरी त्यांचे मूल लहान होते. रोम म्हटले की आपल्याला पोपमहाशय आठवतात. त्या महिन्यात रोमला जायला कोण धजावत होते?

आणि जनावरेही विमानाने आलेली आहेत. 2022 साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा आपल्या काही विद्यार्थ्यांनी कुत्र्या-मांजरांना मागे ठेवून यायला नकार दिला. शेवटी सरकारने कागदपत्रांच्या अटी तेवढ्यापुरत्या शिथिल केल्या आणि हवाई दलाच्या मोठ्या विमानांतून मुलांबरोबर त्यांचे सोबतीही उतरले. दिल्लीसारख्या शहरांतली रस्त्यावरची जखमी कुत्री बरी करून परदेशात चांगल्या घरी पाठवणारे लोकही आहेत. त्यासाठी त्या देशाला निघालेला एखादा प्रवासी गाठतात आणि त्याच्या तिकिटावर कुत्रे पाठवतात. ही वाट आता अरुंद होत चालली आहे. रेबीजच्या भीतीने कॅनडाने सप्टेंबर 2022 पासून भारतासह अनेक देशांतून दत्तक देण्यासाठी कुत्री आणण्यास बंदी घातली. त्यांना दोष देता येणार नाही.

हे सगळे आम्ही पॅरिश कौन्सिलच्या बैठकीनंतर चहा घेताना उत्साहाने सांगत होतो. एक ज्येष्ठ सभासद शांतपणे ऐकत होते. कप खाली ठेवून ते म्हणाले, "फादर, या तालुक्यात माणसांनी टँकरची वाट बघत जन्म काढला. ऊसतोडीला जाणारी पोरं शाळा सोडून जातात. आणि कुत्र्याला विमान? श्रीमंतांचे चोचले आहेत हे."

हा प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो आणि दोन आठवडे तो आमच्याबरोबर होता. तो हसून टाळण्यासारखा नाही. लॉकडाऊनमध्ये, जून 2020 मध्ये, दिल्लीत अडकलेली पाळीव कुत्री मुंबईला आणण्यासाठी खास खाजगी विमान ठरवल्याच्या बातम्या आल्या होत्या, एका सीटला दीड लाखाच्या वर. त्याच्या थोडेच दिवस आधी आपल्या रस्त्यांवरून माणसे डोक्यावर बोचकी घेऊन चालत गावी जात होती. त्या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की त्या सभासदांचे म्हणणे पटते. ख्रिस्तसभेची शिकवणही इथे भाबडी नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, 2418 क्रमांकाच्या परिच्छेदात, दोन्ही गोष्टी एका श्वासात आल्या आहेत: जनावरांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, आणि माणसांचे दुःख हलके करण्यासाठी आधी लागणारा पैसा जनावरांवर उधळणेही शोभत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये सृष्टीच्या जपणुकीवर 'लाउदातो सी' हे परिपत्रक लिहिले. त्याच पोपमहाशयांनी 2022 च्या जानेवारीत, मुलांऐवजी कुत्री-मांजरी पाळण्याच्या प्रवृत्तीबद्दल कानउघाडणीही केली. काही प्राणिप्रेमी तेव्हा रागावले होते.

तेव्हा विमान चूक की बरोबर? आम्हाला वाटते, प्रश्न थोडा वेगळ्या ठिकाणी आहे. बेथानीला मारियेने प्रभूच्या पायांवर मोलाचे सुगंधी तेल ओतले, तेव्हा हे विकून गरिबांना का दिले नाही, असा हिशोब कोणी मांडला ते आपल्याला ठाऊक आहे. (आमच्या ज्येष्ठ सभासदांची तुलना आम्ही त्याच्याशी करीत नाही, ते गरिबांना खरोखर देतात, हे आम्हाला दानपेटीपेक्षा जास्त ठाऊक आहे.) पण आमच्याबद्दल विचाराल तर, ज्या दिवशी आम्ही ती पिल्ले माळावर पाठवली त्या दिवशी वाचलेला वेळ आणि पैसा आम्ही कोणत्याही भुकेल्या माणसाला दिला नव्हता. पोत्याने कोणा गरिबाचे भले झाले नाही. दोन तरुण मुलांना मात्र आम्ही रडणाऱ्या पिल्लांकडे पाठ फिरवून यायला शिकवले. त्यांपैकी एकाने नंतर आम्हाला सांगितले की त्याने वाटेत गाडीतला रेडिओ मोठा केला होता.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना देकार्त नावाच्या फ्रेंच विचारवंताचे मत आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याच्या लेखी जनावर म्हणजे एक प्रकारचे यंत्र. संत थॉमस अक्वायनस यांनी त्याच्या कितीतरी आधी बजावून ठेवले होते की जनावराशी निर्दय वागायची सवय माणसाला माणसाशीही निर्दय करते. पुढे कांटने उदाहरणच कुत्र्याचे दिले: आयुष्यभर राखण केलेल्या कुत्र्याला म्हातारे झाले म्हणून गोळी घालणारा धनी स्वतःतली माणुसकी मारतो. आपल्या माणदेशात हे समजायला कांट लागत नाही. मेंढरांमागे फिरणारा धनगर आपल्या भाकरीतला वाटा कुत्र्यासाठी बाजूला काढतो. रात्री लांडगा आला तर पहिली झडप कुणावर पडते हे त्याला माहीत असते.

आता पुन्हा त्या कनानी बाईकडे येऊ. मूळ ग्रीक शुभवर्तमानात जो शब्द आहे तो रस्त्यावरच्या कुत्र्यांचा नाही, लहान कुत्र्यांचा आहे. घरात वावरणारी, मेजाखाली बसणारी. बाईने तो शब्द बरोबर पकडला. ती मुलांच्या ताटावर हक्क सांगत नाही. तिचे म्हणणे इतकेच की मेजाखालची जागा हीसुद्धा घरातलीच जागा आहे, आणि तिथे भाकरतुकडा पोहोचतो. मुलांचे काही कमी न होता. यावर प्रभू येशू तिच्या विश्वासाची वाखाणणी करतो आणि लेक बरी होते. जगाच्या तारणाराला एका आईने उत्तर दिले आणि ते उत्तर तिने मेजाखाली बसलेल्या कुत्र्यांकडून आणले. आधी माणूस की आधी जनावर, या आमच्या भांडणाला त्या घरात जागाच नाही. मुले मेजाशी, कुत्री मेजाखाली, आणि भाकर एकच.

आपल्या बायबलमध्ये, प्रॉटेस्टंट बांधवांच्या प्रतीत न आढळणारे, तोबितचे पुस्तक आहे. त्यात तोबिया लांबच्या प्रवासाला निघतो तेव्हा देवदूत राफाएल त्याच्यासोबत चालतो आणि कुत्राही. कुत्र्याला काहीच काम दिलेले नाही. तो नुसता जातो आणि परत येतो. संत रोक यांची परंपराही तुम्हाला ठाऊक आहे. 16 ऑगस्टला त्यांचा सण असतो. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता स्वतः आजारी पडून रानात एकटे राहिलेल्या या संताला एक कुत्रा रोज भाकर आणून देत असे. माणसांनी टाकलेल्या माणसाकडे भाकर वाहून नेणारा तो. आणि चांगल्या शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूसाठी पहिल्यांदा काय केले? जखमा बांधल्या आणि त्याला आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेपर्यंत नेले. तेवढाच त्याचा टप्पा. पुढची शुश्रूषा दुसऱ्याच्या हाती देऊन, पैसे ठेवून तो आपल्या कामाला गेला.

आटपाडीने हे काम पूर्वी मोठ्या प्रमाणावर केलेले आहे. औंध संस्थानाच्या काळात, 1939 साली, आपल्या गावाजवळ स्वतंत्रपूर वसले. खुनाची शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीविना, कुलपाविना ठेवून शेती करायला दिली. मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरचा त्यामागे मोठा हात होता. व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला तो त्याच प्रयोगावरून. ज्यांना कोणीच दारात उभे करणार नाही अशांसाठी या रखरखीत माळावर घर निघाले. त्या माळापासून दिघंचीचा रस्ता काही फार लांब नाही.

कोणी याचा अर्थ असा घेऊ नये की गल्लीतल्या कुत्र्यांचा त्रास खोटा आहे. चावा झालेल्या लेकराच्या आईला आम्ही प्रवचन देणार नाही. रेबीजने आपल्या देशात आजही दरवर्षी हजारो माणसे मरतात आणि त्यात मुले फार. कुत्रे चावले तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी. मिरची, चुना, मंत्र यांत वेळ घालवू नये. 2023 च्या नियमांनुसार भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानके अशा ठिकाणांबाबत अधिक कडक आदेश दिले. पोते आणि माळ यांत कुठेच बसत नाही. शिवाय त्याने काही साधतही नाही, हे आमच्या ओट्यावर परत आलेल्या कुत्रीने दाखवून दिलेच आहे.

तिचे नाव आता मुलांनी चंपी ठेवले आहे. पायाची जखम भरली आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात तिला रेबीजची लस दिली, शस्त्रक्रियाही झाली. त्याचा खर्च आम्ही आमच्या खिशातून केला आहे, दानपेटीतून नव्हे, हे कौन्सिलच्या माहितीसाठी. आपल्याच एका कुटुंबाचे नातेवाईक पुण्यात आहेत. अंगण आहे, घरी म्हातारी आजी दिवसभर एकटी असते, आणि त्यांनी चंपीला घ्यायचे कबूल केले आहे. कऱ्हाड ते पुणे हा टप्पा एका भल्या गृहस्थांनी पत्करला आहे. येत्या शनिवारी सकाळी दहाला ते कऱ्हाडच्या कोल्हापूर नाक्यावर गाडी घेऊन थांबतील. आटपाडीहून भिवघाट, विट्यामार्गे कऱ्हाडपर्यंतचा टप्पा अजून मोकळा आहे. एस.टी.चा विचार आम्ही करून पाहिला. कंडक्टरचे उत्तर इथे छापण्यासारखे नाही.

शनिवारी कोणाची गाडी त्या बाजूला जात असेल, भाजीची असो वा डाळिंबाची, त्यांनी मिस्सेनंतर आम्हाला भेटावे. डिझेलचे आम्ही पाहू. ज्या दोघांनी तिला उन्हाळ्यात नेले होते तेच दोघे बरोबर यायला तयार आहेत. लसीचे कार्ड आणि पट्टा आमच्याकडे आहे. गाडीत अंथरायला एक जुनी चादर मात्र हवी आहे.

तुमचे धर्मगुरू